सुट्टीचे पंचांग

पेण किंवा रोहे येथील जैन व्यापारी कुटुंबात भिंतीवर बहुधा तीन कॅलेंडरे लटकलेली असतात. पहिले तिथींचे, त्यात आठम, चौदस, ओळी आणि सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या. दुसरे एखाद्या घाऊक पेढीने दिलेले. त्यावर जीएसटीच्या आणि हुंडीच्या तारखांना लाल पेनाने गोल केलेले. तिसरे नातवंडांच्या शाळेचे, फ्रीजच्या दारावर चिकटवलेले. एरवी ही तिन्ही गुण्यागोविंदाने नांदतात. सुट्टीचा विषय निघाला, की मात्र त्यांचे एकमेकांशी पटेनासे होते.

पेणमध्ये हा पेच अधिकच गमतीचा आहे. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत पर्युषणाची सांगता भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, संवत्सरीने होते. आणि हीच गणेश चतुर्थी. हमरापूर, जोहे आणि पेण शहर यांतील कारखान्यांतून आषाढ-श्रावणात मूर्तींचे ट्रक भरभरून निघत असतात, चाकरमानी गावी येऊ लागतात, बाजारपेठेत चालायला जागा उरत नाही. ज्या आठवड्यात गल्ला सर्वाधिक भरतो, त्याच आठवड्यात शेठजींचा अठ्ठम, दुपारी व्याख्यान आणि सायंकाळी प्रतिक्रमण. पुढे नवरात्र, आश्विनातील आयंबिलाची ओळी, मग दिवाळी आणि वहीपूजन. पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत दुकाने मिटलेली असतात, शाळाही बंद असतात. सुट्टीचे चार हक्काचे दिवस काय ते एवढेच. परंतु चातुर्मास तेव्हा संपलेला नसतो. शत्रुंजयाची यात्रा कार्तिक पौर्णिमेला खुली होते, आणि ती दिवाळीच्या अमावास्येनंतर नेमकी एका पंधरवड्याने येते. तोवर दुकाने उघडलेली, मुलांच्या शाळाही सुरू होण्याच्या बेतात.

मे महिन्याचे तेच. शाळा बंद, पण कापडवाल्याची लग्नसराई ऐन भरात. हार्डवेअरवाल्याकडे पावसापूर्वीचे पत्रे, ताडपत्र्या आणि रंगकाम. किराणावाल्याकडे साठवणीच्या डाळी आणि मसाले. जून उजाडला की रोह्यातील बांधकाम साहित्याचा धंदा थंडावतो, मालक मोकळा होतो; पण आषाढी चौदस दारात उभी असते. तेव्हा ‘कोठे जावे’ हा सुट्टीचा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न ‘केव्हा जावे’ हा आहे. तो सोडवल्याशिवाय जी कुटुंबे माहितीपत्रके चाळत बसतात, त्यांचा बेत शेवटी दोन दिवसांच्या लोणावळ्यावर येऊन थांबतो, आणि तेथेही निम्मा वेळ दुकानाच्या फोनवर जातो.

जुन्या पिढीला हा प्रश्न इतका छळत नव्हता, कारण तिच्या शब्दकोशात ‘सुट्टी’ हा शब्दच नव्हता. तिच्याकडे दोन शब्द होते, यात्रा आणि हवापालट. हवापालट वैद्याने सांगितल्यावर व्हायची. देवळाली, माथेरान, लोणावळा, पाचगणी येथे समाजाच्या न्यासांनी आरोग्यभवने बांधली होती. त्यांना सारे ‘सॅनेटोरियम’ म्हणत. तेथे स्वतःचा स्टोव्ह, स्वतःची भांडी, गावाहून नेलेले पीठ आणि बरोबर एखादी विधवा आत्या. महिनाभर मुक्काम. पाहण्यासारखे काही नसे आणि कोणी काही पाहायला जातही नसे. पेणहून मुंबई गाठायची, तर धरमतरवरून बोटीने जाण्याचाही एक काळ होता. त्या काळी प्रवास म्हणजे आधी सामान, मग माणसे. आज ते सारे कंटाळवाणे वाटेल. परंतु महिनाभर एकाच ठिकाणी राहून शांतपणे झोपण्याची ती कला ‘पाच रात्री सहा दिवस’ या हिशोबात हरवली, हे मान्य करावे लागेल.

यात्रेचे शास्त्र मात्र पक्के होते आणि आहे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सहावे दिशापरिमाण व्रत. कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जायचे, याची मर्यादा माणसाने स्वतः आखून घ्यायची. दहावे देशावकाशिक व्रत ती मर्यादा त्या त्या दिवसापुरती आणखी आवळते. आठव्या व्रतात अनर्थदंडापासून, म्हणजे काही प्रयोजन नसताना होणाऱ्या हिंसेपासून, परावृत्त व्हायला सांगितले आहे. याचा अर्थ श्रावकाने प्रवास करू नये असा नाही. तसे असते तर मारवाड आणि गुजरातेतून माणसे कोकणच्या खाडीकाठी दुकान मांडायला आलीच नसती. अर्थ एवढाच, की निघण्यापूर्वी माणसाने स्वतःला विचारावे: कशासाठी? सहलीच्या नियोजनावरचा हा बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत नेमका प्रश्न असावा.

युरोपातील संघटित सहलीचा उगमही, योगायोगाने, संयमातच आहे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने इंग्लंडमधील लेस्टरहून लफबरोपर्यंत रेल्वेने काही शे माणसे नेली, ती मद्यपाननिषेधाच्या सभेला. दारू न पिणाऱ्यांची ती सहल होती. त्याच रोपट्याचा आज जो वटवृक्ष झाला आहे, त्याच्या माहितीपत्रकात ‘मोफत वाइन चाखणे’ हे कलम ठळक अक्षरांत असते. जैन प्रवाशांसाठी सहल कंपन्यांनी आता बरोबर महाराज, म्हणजे स्वयंपाकी, नेण्याची पद्धत पाडली आहे. स्वित्झर्लंडच्या हॉटेलातही थेपले, खाखरे आणि गरम कढी मिळते. सोय उत्तम. फक्त एवढेच, की आठ दिवस त्याच माणसांबरोबर तेच जेवण जेवून, बसच्या खिडकीतून बर्फ पाहून परतलेल्या माणसाला ‘काय पाहिले’ असे विचारले, तर तो पहिल्यांदा जेवणाचीच स्तुती करतो.

पेणच्या बाजारपेठेतील एका कापड व्यापाऱ्याच्या घरचा प्रसंग या संदर्भात सांगण्यासारखा आहे. तीन भाऊ, तीन सुना, सहा मुले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या बा. बांनी लग्नानंतर दोनच वर्षांनी सासूबरोबर शत्रुंजयाची यात्रा केली होती. पुढे मोठा मुलगा झाला, मग सासऱ्यांचे आजारपण, मग दुकानाची वाटणी, मग नवी इमारत. दरवर्षी कार्तिक पौर्णिमा जवळ आली की बा विषय काढत आणि दरवर्षी थोरला मुलगा सांगे, “बा, यंदाचा सीझन होऊ द्या. पुढच्या वर्षी तुम्हाला नक्की नेतो.” तो खोटे बोलत नव्हता. त्याला खरेच न्यायचे होते. पण सीझन कधी संपत नाही, ही व्यापाराची खोड आहे.

एका वर्षी धाकट्या सुनेने पुढाकार घेतला आणि दुबईचा बेत आखला. बारा माणसांचे आगाऊ पैसे भरले गेले. बांचे नाव त्यात नव्हते. त्यांना वगळावे असे कोणाच्या मनात आले नव्हते. ‘त्यांना झेपणार नाही, आणि घरी देवपूजेला कोणीतरी हवेच’, असे सर्वांनी परस्पर धरून चालले होते. बांनी काही तक्रार केली नाही. त्यांनी फक्त थोरल्या नातवाला विचारले, “तिथल्या त्या उंच इमारतीला किती मजले आहेत?” नातू म्हणाला, “एकशे त्रेसष्ट.” बा म्हणाल्या, “लिफ्टने जाणार ना तुम्ही? मला साडेतीन हजार पायऱ्या चढायच्या होत्या. गुडघे चांगले होते तेव्हा सीझन होता.”

या वाक्यानंतर त्या घरात जे झाले, त्याला भांडण म्हणता येणार नाही; पण दोन दिवस जेवणाच्या ताटावर कोणी फारसे बोलले नाही. धाकटी सून दुखावली, कारण तिने तीन महिने खपून बेत जुळवला होता आणि तिच्या मुलांनी कधी विमान पाहिले नव्हते. तिचेही चूक नव्हते. शेवटी दुबई रद्द झाली नाही. मात्र थोरला मुलगा आणि त्याची पत्नी यांनी आपली दोन नावे काढून घेतली. रद्द करण्याचा आकार भरावा लागला तो त्यांनी भरला, आणि मार्गशीर्षात बांना घेऊन ते पालिताण्याला गेले.

येथे नियोजनाचा खरा कस लागला. पालिताण्याच्या डोंगरावर मुक्काम करता येत नाही आणि वर अन्न ग्रहण करण्याचीही प्रथा नाही; म्हणजे पहाटे तळेटीवरून निघून दर्शन-पूजा आटोपून दुपारपर्यंत खाली यायचे. पंचाहत्तरीच्या स्त्रीला हे पायी शक्य नव्हते. डोली ठरवणे क्रमप्राप्त होते. बांना डोली नको होती. चार माणसांच्या खांद्यावर बसून तीर्थ करायचे हे त्यांच्या मनाला पटेना. थोरल्या सुनेने मार्ग काढला: डोली बरोबर असू द्यायची, पण बांनी हवे तेवढे चालायचे. त्याप्रमाणे बा थांबत, बसत, नवकार म्हणत हिंगळाजच्या चढाच्या पायथ्यापर्यंत स्वतःच्या पायांनी गेल्या. पुढे डोलीत बसल्या. वर दादांच्या दरबारात आदिनाथ भगवंतांसमोर त्या किती वेळ उभ्या होत्या, ते मुलाने घड्याळात पाहिले नाही. उतरल्यावर तळेटीवर भाथे घेतले, तेव्हा त्या म्हणाल्या, की सासूबरोबर आल्या तेव्हाही इथे बसूनच खाल्ले होते. एवढेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा चढायची इच्छा व्यक्त केली. डॉक्टरांनी आधीच ताकीद दिलेली असल्याने मुलाने नकार दिला, आणि त्या नकाराचे त्याला अजून वाईट वाटते.

दहा वर्षांपूर्वी ही यात्रा झाली असती, तर डोलीचा प्रश्नच आला नसता. कुटुंबातील माणसांच्या वयाचा हिशोब हा सुट्टीच्या हिशोबात सर्वांत आधी मांडायला हवा, आणि तोच सर्वांत शेवटी मांडला जातो. दुबई, बाली, थायलंड ही स्थळे दहा वर्षांनीही तेथेच असणार आहेत. सहावीतल्या मुलाला ती बारावीनंतरही पाहता येतील. गुडघे वाट पाहत नाहीत. मुलांचेही एक वय असते, आठ ते चौदा, ज्यात आईवडिलांबरोबर केलेला प्रवास त्यांना आवडतो. पुढे त्यांना मित्र हवे असतात. ज्या वर्षी घरात एक माणूस सत्तरीच्या पुढे आणि एक मूल दहाच्या आसपास आहे, त्या वर्षी त्या दोघांच्या मनाप्रमाणे दोन वेगवेगळे प्रवास करावेत, आणि मधल्या पिढीने आपली हौस लांबणीवर टाकावी. मधल्या पिढीला हे रुचणार नाही. पण कर्ती तीच असल्याने सोसावेही तिनेच.

दोन प्रवास वेगळे करावेत यालाही कारण आहे. यात्रा आणि सहल यांची खिचडी केली, की दोन्हींचा स्वाद बिघडतो. आबू-राणकपूर-उदयपूर हा बेत समाजात अतिशय लोकप्रिय आहे. सहल कंपनीची बस देलवाड्याला दुपारी पोहोचते, कारण इतर पर्यटकांसाठी मंदिरे दुपारी बारानंतरच उघडतात, राणकपूरचेही तसेच. जैन यात्रेकरूला सकाळी प्रक्षाळ-पूजेचा अधिकार असताना तो पर्यटकांच्या रांगेत उभा राहून चाळीस मिनिटांत १०३१ सालची विमलवसही आणि १२३० सालची लूणवसही ‘उरकतो’. राणकपूरचे १४४४ स्तंभ मोजण्याचा खेळ मुले खेळतात, मोठी माणसे बाहेर चहा शोधतात. वास्तविक आबूला दोन रात्री धर्मशाळेत राहून, पहिल्या सकाळी पूजा आणि दुसऱ्या सकाळी केवळ कोरीवकाम पाहण्यासाठी मंदिरात बसले, तर तलावातील नौकाविहाराची आठवणही होणार नाही. झालीच, तर संध्याकाळ मोकळी आहेच.

याच संदर्भात सम्मेदशिखरजीचे प्रकरण प्रत्येक घरात आठवले पाहिजे. चोवीसांपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी, झारखंडमधील गिरिडीह जिल्ह्यात. केंद्राच्या २०१९ च्या अधिसूचनेने या पर्वताभोवतीच्या संवेदनशील क्षेत्रात पर्यावरण-पर्यटनाला वाट मोकळी झाली, तेव्हा देशभर समाज रस्त्यावर आला. मुंबईत, अहमदाबादेत, दिल्लीत मोर्चे निघाले, गावोगावच्या बाजारपेठा बंद राहिल्या. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. समाजाचे म्हणणे साधे होते: हे तीर्थ आहे, पर्यटनस्थळ नव्हे. म्हणणे रास्तच होते. आता ज्या घरांनी त्या दिवशी दुकान बंद ठेवले, त्यांच्याच मुलांनी सत्तावीस किलोमीटरच्या त्या वंदनेत कानात गाणी घालून, टोकाटोकावर चित्रफिती काढत जावे, याची संगती कशी लावायची? मोर्चा इतरांविरुद्ध काढणे सोपे असते.

संयमाची पराकाष्ठा पाहायची, तर छ’री पालित संघात सामील व्हावे. सचित्ताचा त्याग, दिवसातून एकदाच आहार, पायी चालणे, भूमीवर शयन, ब्रह्मचर्य आणि आवश्यक क्रिया अशा सहा नियमांनी बांधलेला हा प्रवास प्रचलित पॅकेजच्या नेमका उलट आहे: पैसे संघपतीचे, कष्ट यात्रेकरूचे. सर्वांना तो झेपणार नाही. परंतु सोळा-सतरा वर्षांची मुले अशा संघातून परत येतात, तेव्हा त्यांच्या तोंडून ‘बोअर झालो’ हा शब्द ऐकू येत नाही, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

परदेश किंवा दूरचा देशी प्रवास ठरला, की व्यवहारातील पहिली अडचण जेवणाची समजली जाते. खरी अडचण सूर्याची असते. रोह्यात डिसेंबरात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार करणाऱ्याचे सारे जेवणखाण त्या वेळेला बसलेले. तोच माणूस शिखरजीला गेला, की सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, आणि गुवाहाटीला तर साडेचारलाच. लंडनमध्ये डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार पडतो. जूनमध्ये मात्र रात्री नऊ वाजून गेले तरी ऊन असते. म्हणजे जूनच्या युरोपात चौविहार अगदी सुखाचा, पण नवकारशीचा हिशोबही पहाटेच्या सूर्योदयावरून करावा लागणार. सहल कंपनीला ‘जैन जेवण हवे’ असे सांगून भागत नाही. जेवण किती वाजता मिळणार, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावे. ‘सूर्यास्तापूर्वी डबा देऊ’ असे उत्तर आले, तर तो डबा बसमध्ये खायचा की थांबून, तेही विचारावे. उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेत, जेथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, तेथे काय करावे, हा प्रश्न मात्र महाराजसाहेबांपुढेच ठेवलेला बरा.

जेवणातील खाचाखोचा कांदा, लसूण, बटाट्यापुरत्या नाहीत. विमानात ‘जैन शाकाहारी’ असा वेगळा पर्याय असतो, त्याचे संकेतनाव व्हीजेएमएल. नुसते ‘शाकाहारी’ नोंदवले, तर ताटात बटाटा येणारच. ही नोंद तिकीट काढतानाच करावी. युरोपातील कित्येक चीज वासराच्या जठरातील रेनेट घालून बनवतात. इटलीचे प्रसिद्ध पार्मेजान त्यांतलेच. मुलांना आवडणाऱ्या चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असते. थायलंडमध्ये भाजीतही माशाचा सॉस पडतो, आणि बनवणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. सुक्या नाश्त्याची एक वेगळी पिशवी, छोटी विजेची किटली आणि उकळलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या ही तीन साधने बरोबर असली, की निम्मी काळजी मिटते. खाखऱ्याच्या पाकिटांनी अर्धी बॅग भरणाऱ्यांना हसणाऱ्यांनी, तिसऱ्या दिवशी त्याच पाकिटांकडे हात पसरू नये.

आता दुकानाचा विषय. ‘मी गेलो तर गल्ल्यावर कोण?’ या एका प्रश्नाने पेण-रोह्यातील जितके प्रवास बुडाले, तितके पावसानेही बुडवले नसतील. या बाबतीत बँकांची एक रीत व्यापाऱ्यांनी उचलण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार संवेदनशील पदावरील कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, सलग किमान दहा कामाचे दिवस, पूर्वसूचना न देता सक्तीच्या रजेवर पाठवतात. त्याच्या टेबलावर दुसरा बसतो. हेतू त्याची विश्रांती हा नसतोच. त्याच्या गैरहजेरीत वह्या बरोबर चालतात की नाही, काही दडवलेले बाहेर येते की नाही, हे पाहण्याचा असतो. ज्यांचे बालपण रोह्यात गेले, ते चिंतामणराव देशमुख याच रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते. मेघदूताचा मराठी अनुवाद करण्याइतका निवांतपणाही त्यांनी आयुष्यात काढला. दुकानाचा मालक दहा दिवस गेला आणि धंदा विस्कटला, तर धंद्यात दोष आहे असे समजावे: उधारीची वही फक्त मालकाच्या डोक्यात आहे, मुलाला घाऊक व्यापाऱ्यांची नावे ठाऊक नाहीत, जुन्या गुमास्त्यावर विश्वास आहे पण किल्ली दिलेली नाही. आजारपण येऊन हे कळण्यापेक्षा, पालिताण्याला बसून कळलेले बरे. वर सांगितलेल्या पेणच्या घरात थोरला भाऊ आठ दिवस गावाबाहेर राहिला, तेव्हा पंचविशीतल्या पुतण्याने गल्ला सांभाळला. दोन जुन्या उधाऱ्या त्याने गोड बोलून वसूल केल्या. काकांना त्या मागायचा संकोच वाटत होता.

पैशाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सुट्टी कर्ज काढून करू नये. वर्षभर आवर्ती ठेवीत रक्कम टाकावी आणि जमेल तेवढ्यात बसेल ते स्थळ निवडावे. परदेश सहलीच्या पॅकेजवर कंपनी टीसीएस गोळा करते. ते पॅन क्रमांकावर जमा होते आणि विवरणपत्रात वळते करून घेता येते, त्यामुळे पावती जपावी. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे १५ मेची गाडी हवी असेल, तर १६ मार्चला सकाळी तयार राहावे लागते, नेमके आर्थिक वर्ष संपण्याच्या धांदलीत. हे काम घरातल्या महाविद्यालयीन मुलामुलीकडे सोपवावे. धर्मशाळेची खोली मात्र आधी पक्की करावी, मग तिकीट; उलट केले, की पौर्णिमेच्या गर्दीत ओसरीवर झोपण्याची वेळ येते.

ज्या वर्षी यातले काहीच जमणार नाही, ते वर्षही कोरडे घालवण्याचे कारण नाही. लोक मुंबई-पुण्याहून पैसे खर्चून जेथे येतात, तेथे पेण-रोह्याची माणसे राहतात, आणि तेच त्यांच्या ध्यानात नसते. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यामुळे कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहती असते. त्यावर कोलाडला तरुण मंडळी सकाळी राफ्टिंग करतात. रोह्याच्या किती दुकानदारांच्या मुलांनी ते केले आहे? पाण्यातील जीवांचा विचार करून काही घरांत ते वर्ज्य मानतात, त्यांचा आदर आहे. मग नदीकाठाने नुसते चालावे. पावसाळ्यातील धबधब्यांचे मात्र काही कौतुक नको. शेवाळलेल्या वाटा, पायांखाली असंख्य जीव आणि दर वर्षी कोणाच्या तरी घरावर कोसळणारे संकट; चातुर्मासात एका जागी राहण्याचा उपदेश ज्यांनी केला, त्यांनी कोकणचा पाऊस पाहिला असावा असेच वाटते. त्या महिन्यांत महाराजसाहेब जेथे चातुर्मासासाठी विराजमान असतील, तेथे एका दिवसाची वंदना करून यावे. ठाण्याचे मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाते. पेणहून सकाळी निघून दुपारी परत येता येते.

आणि थंडीत, पौष-माघात, एका मोकळ्या दिवशी खोपोली-लोणावळा मार्गे कामशेतजवळच्या पाले गावी जावे. तेथे डोंगरात एक लहानसे लेणे आहे. त्यातील ब्राह्मी लिपीतला शिलालेख ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी प्रकाशात आणला. तो इसवी सनापूर्वीचा मानला जातो, आणि त्याची सुरुवात ‘नमो अरहंतानं’ अशी आहे. रोज सकाळी ज्या शब्दांनी घरातला दिवा लागतो, ते शब्द दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी सह्याद्रीच्या दगडात कोरून ठेवले आहेत, घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर. इंदरखित नावाच्या भदंताने हे लेणे आणि पाण्याचे टाके करविले, एवढाच मजकूर. तेथे तिकीट नाही, उपाहारगृह नाही, सावलीही बेताची. डबा, पाणी आणि विजेरी बरोबर न्यावी, गावात वाट विचारून घ्यावी आणि वृद्धांना चढ किती आहे ते आधी सांगावे. मुलांना ती सात-आठ अक्षरे स्वतः शोधू द्यावीत. दुपारी तीनच्या आत तेथून निघाले, तर खोपोलीचा घाट उतरून सूर्यास्तापूर्वी पेण गाठता येते आणि चौविहार घरीच होतो.